बिरप्पाचे तीन महिने

अमृतच्या हातात माईक द्यायला नको होता, हे मड्डीवाडीत आता सगळ्यांना पटलेलं आहे. त्या दिवशी मात्र तो द्यायला सरपंच कुंडलिकराव स्वतः खुर्चीवरून उठले होते.

सव्वीस जानेवारी. झेंडा झाला होता, पोरांना जिलेबी वाटून झाली होती, तरी पटांगणातून कुणी हललं नव्हतं, कारण पुढं सत्कार होता. वळसंगच्या पुढं सहा किलोमीटरवरच्या या गावात सत्कार कशाचाही होतो. दहावी पास होणाऱ्याचा होतो, नापास होऊन पुन्हा बसणाऱ्याचाही एकदा झालेला आहे. नसबंदी केलेल्या माणसाचा मात्र पहिल्यांदाच होत होता, कारण तसा माणूसच अकरा वर्षांनी सापडला होता.

माणूस म्हणजे बिरप्पा. वय बत्तीस, साठ मेंढरं, तीन लेकरं. नऊ दिवसांपूर्वी तालुक्याच्या शिबिरात त्याची बिनटाक्याची शस्त्रक्रिया झाली होती. तो खुर्चीत जरा जपून बसला होता. डोक्यावर फेटा, अंगावर शाल, मांडीवर नारळ. नारळ त्यानं हातात धरावा असं अमृतनं त्याला दोनदा खुणेनं सांगितलं.

"मंडळी," अमृत माईकवर म्हणाला, "किती दिवस बायकांनीच सोसायचं? बिरप्पांनी करून दाखवलं! पुरुष नसबंदी म्हणजे शंभर टक्के खात्री! आजपासून बिरप्पांना आणि वहिनींना कसलाही घोर नाही!"

टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला बसलेल्या वहिनींनी, म्हणजे धनलक्ष्मीनं, पदर तोंडावर ओढला. लाजून की संतापून, ते त्या अंतरावरून कळलं नाही.

अमृतच्या बोलण्यात 'शंभर टक्के' हे थोडं चुकलं होतं आणि 'आजपासून' हे पूर्ण चुकलं होतं. शस्त्रक्रियेत नळी बंद होते, पण बंद केलेल्या जागेच्या पुढं जे आधीच निघालेलं असतं ते असतंच. ते संपायला तीन महिने लागतात. तोवर निरोध वापरायचा, तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करायची, त्यात काही दिसलं नाही की मगच दाखला मिळतो. अमृतला हे ठाऊक नव्हतं असं नाही. प्रशिक्षणात याच प्रश्नाला त्याला वीसपैकी अठरा गुण होते. पण तीन महिन्यांच्या अटीवर टाळ्या पडत नाहीत.

संध्याकाळी बिरप्पा उपकेंद्रात आला. हातात वर्तमानपत्रात बांधलेला पुडा.

"सायेब, ही तुमची पाकिटं. तीस दिल्ती, सव्वीस हायत. चार वापरली तवर."

अमृत तेव्हा तालुक्याच्या ग्रुपवर टाकायला फोटो निवडत होता. एका फोटोत बिरप्पाचे डोळे मिटलेले होते, दुसऱ्यात कुंडलिकरावांचे.

"ठेवा तिथं टेबलावर," तो म्हणाला.

"सरकारचा माल. वाया कशाला घालवायचा," बिरप्पा म्हणाला आणि गेला.

अमृतनं पाकिटं मोजली, सव्वीस भरली, कपाटात ठेवली. फोटोला रात्रीपर्यंत चौदा अंगठे आले. त्यातला एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा होता.

आता हा अमृत कोण, ते सांगायला हवं. अकलूजचा. बाप साखर कारखान्यात वजनकाट्यावर, त्यामुळं घरात आकड्यांना मान. पोराला गणितात शहाण्णव पडले तेव्हा बापानं गल्लीत पेढे वाटले, आणि डॉक्टरकीला नंबर लागला नाही तेव्हा पुढचे दोन महिने पोराशी बोलला नाही. मग स्वच्छता निरीक्षकाचा कोर्स, मग अर्ज, मग कंत्राटी आरोग्यसेवक म्हणून मड्डीवाडी. पाटाच्या पाण्यावर वाढलेला पोरगा कुसळाच्या माळावर आला. पहिल्या आठवड्यात त्यानं आईला फोनवर सांगितलं, की इथं हिरवं म्हणून फक्त एसटीच्या पाठीवरची जाहिरात दिसते.

काम त्याला आवडलं. कामात टक्केवारी होती. गावाला फक्त एकच गोष्ट बोचायची. अठ्ठावीस वर्षांच्या या सायबाचं स्वतःचं लग्न जमत नव्हतं आणि तो लग्न झालेल्यांना पाळणा लांबवायला सांगत फिरत होता.

"सायेब, तुमी सोता यातलं काय वापरता?" देवळाच्या कट्ट्यावरून तात्याबा म्हातारा रोज विचारायचा.

"मला गरज नाही, तात्याबा."

"मंग सगळ्यात खात्रीचं तुमचंच की."

आशाताई दिपालीच्या मदतीनं अमृतनं बायकांची बैठक घेतली, तेव्हा त्यानं शंभर जोडप्यांचं उदाहरण दिलं. बायकांना शंभर जोडपी डोळ्यासमोर येईनात, कारण गावात इतकी धड नांदणारी जोडपीच नव्हती. मग दिपाली म्हणाली, मेंढ्या सांगा. त्यानं शंभर मेंढ्या घेतल्या. काहीच उपाय केला नाही, तर वर्षात पंच्याऐंशी गाभण. गडी म्हणतो 'मी सांभाळून घेतो', तर वीस. निरोध वापरला, लोक जसा वापरतात तसा, म्हणजे कधी आहे कधी संपला, तर तेरा. रोजची गोळी, लोक जशी घेतात तशी, तर सात. तीन महिन्यांचं अंतराचं इंजेक्शन, तर चार. तांबी बसवली, तर एकसुद्धा पुरी नाही. बाईचं ऑपरेशन, दोनशेत एक. गड्याचं, हजारात एखाददुसरी.

"हजार मेंढरं कुनाकडं हायत?" मागून एकीनं विचारलं.

"उदाहरण आहे, मावशी."

धनलक्ष्मी या बैठकीला होती आणि ती एकटीच हसली नव्हती. या यादीतल्या बऱ्याच पायऱ्या ती स्वतः चढली होती. थोरली मुलगी झाल्यावर बिरप्पा सांभाळून घेत होता, त्यातून दुसरी मुलगी झाली. मग रोजच्या गोळ्या. त्या वर्षी दोघं कळप घेऊन करमाळ्याकडं गेले, गोळ्यांची पाकिटं घरी कोनाड्यात राहिली, त्यातून मुलगा झाला. मग तांबी. रक्त फार जायचं, पाच महिने सोसून काढून टाकली. मग इंजेक्शन. गरोदर राहिली नाही, पण पाळी कधी येते कधी नाही याचा मेळ लागेना, आणि देवाच्या खोलीत कधी जायचं कधी नाही यावरून सासूबाई, बजाबाई, रोज नवा निर्णय द्यायच्या. बाईचं ऑपरेशन राहिलं होतं. पण मग आठ-दहा दिवस शेरडांचं कोण बघणार?

हा तिढा बिरप्पानं सोडवला. त्यानं अमृतला रस्त्यात गाठून विचारलं, "माजं करायचं म्हनलं तर किती टैम लागतंय?"

"वीस मिनिटं."

"आन दवाखान्यात ऱ्हावं लागतंय?"

"नाही. त्याच दिवशी घरी."

बिरप्पानं मनात हिशेब केला. "म्हंजी मेंढरं पान्यावर हायत तवर हुईल की," तो म्हणाला, आणि झालं. सत्कारात ज्या त्यागावर अमृत सहा मिनिटं बोलला, तो त्याग एवढ्या संवादात झाला होता.

मार्चमध्ये धनलक्ष्मी सकाळीच दिपालीकडं गेली आणि म्हणाली, "ताई, ती पट्टी हाय का वो?"

पट्टीवर दोन रेघा आल्या. दिपालीनं दुसरी पट्टी काढली. तिच्यावरही दोन.

अशी बातमी दिपाली कुणाला सांगत नाही, आणि तिनं सांगितली नव्हती. पण ती दोन पट्ट्या घेऊन घाईघाईनं उपकेंद्राकडं गेली हे गिरणीपुढं बसलेल्यांनी पाहिलं, धनलक्ष्मी परसात ओकली हे शेजारणीनं पाहिलं, आणि उरलेलं गावानं सव्वीस जानेवारीला कानांनी ऐकलेलं होतं. शंभरातून शंभर गेले, तर शून्य उरतं, आणि धनलक्ष्मीला तर दिवस गेले होते. त्यात बिरप्पा फेब्रुवारीभर कळपामागं. दोनदा घरी येऊन गेला तेवढाच. गावाला गणित सोडवायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

बिरप्पा बायकोला काही बोलला नाही. सत्कारात मिळालेलं सन्मानपत्र त्यानं भिंतीवरून उतरवलं, पेटीमागं ठेवलं, आणि आपली वाकळ उचलून मेंढरांच्या वाड्यात निजायला गेला. दोन दिवस तो घरी जेवला नाही. तिसऱ्या दिवशी धनलक्ष्मीनं धाकट्या पोराला काखेत घेतलं, पिशवीत दोन लुगडी टाकली आणि सासूला म्हणाली, "अत्ती, मी भावाकडं जाते. ह्यांनी मारलं असतं तरी मी ऱ्हायले असते. हे निसतंच गप बसलेत." भाऊ हद्दीपलीकडं, कर्नाटकात. थोरल्या दोघी आजीपाशी राहिल्या.

चौथ्या दिवशी बिरप्पा उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसला. आत आला नाही.

"सायेब," तो म्हणाला, "तुमी शंभर टक्के म्हनला."

दिपालीनं अमृतला पहिल्याच दिवशी पट्ट्या दाखवल्या होत्या, आणि तेव्हापासून तो कपाटातल्या सव्वीस पाकिटांकडं बघत नव्हता.

"तुम्हाला कार्ड दिलं होतं ना शिबिरात?" त्यानं विचारलं. विचारताना त्याला स्वतःचाच आवाज तालुक्याच्या क्लार्कसारखा वाटला. "त्यावर लिहिलेलं असतं. तीन महिने..."

"कार्ड हाय. मला वाचाय येत न्हाय. तिला येतंय, पर कानडीतलं. ती तिकडच्या साळंत नववी शिकल्याली." बिरप्पानं मान वर केली. "आन कार्डावर काय असंना. माईकवर तुमी सांगितलं की."

अमृतला आता दोन वाटा होत्या. कार्ड दिलं, सूचना दिली, लाभार्थ्यानं पाळली नाही, असं कागदावर लिहिलं तर त्याची नोकरी राहत होती. कागद खरा होता. फक्त धनलक्ष्मी भावाकडंच राहिली असती, आणि भाऊ किती दिवस ठेवून घेईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. कंत्राटाचं नूतनीकरण जूनमध्ये होतं, हेही त्याला त्याच क्षणी आठवलं. एरवी ते त्याला कधी वेळेवर आठवत नाही.

"बिरप्पा, ती पाकिटं तुम्ही परत आणून दिली तेव्हा मी थांबवायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "तीन महिने ती वापरायची होती. माझी चूक. वहिनींची नाही."

बिरप्पा पायरीवरून उठला.

"मला चांगलं वाटावं म्हनून म्हनताय?"

"नाही."

"मंग दावा."

दाखवायचं म्हणजे तपासणी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं सोलापूरला गेले. नवी पेठेच्या मागच्या बोळात अमृतचा कोर्समधला दोस्त चन्नवीर लॅब चालवतो. चन्नवीरनं ऐकून घेतलं, एक झाकणाची डबी दिली आणि संडासाचं दार दाखवलं. बिरप्पा आत गेला. अर्ध्या तासानं रिकामी डबी घेऊन बाहेर आला.

"न्हाय जमत. भाईर एक बाई लघवीची बाटली घिऊन उबी हाय, सारकी कडी वाजिवती."

"बाहेरून आणलं तरी चालेल," चन्नवीर म्हणाला. "पण तासाच्या आत. आणि अंगाला धरून आणायचं, गार होऊ द्यायचं नाही."

मड्डीवाडीहून तासात येणं एसटीला जमण्यासारखं नव्हतं. कोपऱ्यावर एक लॉज होता. काउंटरवर मेहंदी लावलेल्या दाढीचे एक चाचा बसले होते.

"एक घंटे के वास्ते?" त्यांनी दोघांना वरून खाली पाहिलं. फेटा, घोंगडं, आणि आरोग्य खात्याचं ओळखपत्र गळ्यात. "दोनों का आधार देव. काम क्या है?"

"सरकारी काम है," अमृत म्हणाला.

"सरकारी काम के वास्ते सरकारी रेस्ट हाऊस है ना, मियाँ."

"ये अकेले वर जायेंगे. मैं इधर बैठता."

चाचांनी आणखी थोडा वेळ विचार केला, मग चावी दिली. अमृत खाली बाकावर बसला. चाचांनी चहा मागवला. दोघांनी पाऊसपाण्याचं बोलून घेतलं. मार्चमध्ये सोलापुरात पाऊसपाण्याचं बोलायला फारसं काही नसतं, तरी त्यांनी वीस मिनिटं काढली. मग बिरप्पा जिना उतरून आला. त्याचा एक हात घोंगड्याच्या आत, छातीशी होता.

नवी पेठेत लग्नसराईची गर्दी होती. बस्ते बांधायला आलेली आख्खी खानदानं रस्त्याच्या मधून चालत होती, रिक्षा त्यांच्यामधून वाट काढत होत्या. अमृत पुढं लोकांना बाजूला करत होता आणि बिरप्पा मागून चालत होता, कळपात नुकतं जन्मलेलं कोकरू छातीशी धरून चालतो तसा, कोपर बाहेर काढून, कुणाला अंगाला लागू न देता. एका दुकानदारानं त्याला हाक मारली, "या पाव्हणं, इरकल बगा." बिरप्पानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

चन्नवीरनं थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"फार कमी आहेत," तो म्हणाला. "पण आहेत."

"मला दावा," बिरप्पा म्हणाला.

त्यानं फेटा मागं सारला, एक डोळा मिटला आणि वाकला. अमृतला वाटलं होतं तो क्षणभर बघेल. तो फार वेळ बघत राहिला. बोटानं हवेत मोजत होता.

"पाच हायत. दोन निपचित पडल्याली. दोन जाग्यावरच वळवळत्यात." त्यानं श्वास सोडला. "एक मातर चांगला चालतूय."

"अडीच महिन्यांनंतर इतके," चन्नवीर म्हणाला. "फेब्रुवारीत याच्या कितीतरी जास्त असणार."

बिरप्पानं डोळा काढला. "म्हंजी तुमी वाड्याचं कवाड लावलं," तो अमृतला म्हणाला, "पर जी आदीच भाईर पडली व्हती, ती ऱ्हायली माळावर."

प्रशिक्षणात अमृतला चार पानी उत्तर लिहावं लागलं होतं. ते इतकंच होतं.

चन्नवीरनं रिपोर्ट छापून दिला. एसटीत बिरप्पानं तो घोंगड्यात, डबी ठेवली होती त्याच जागी ठेवला. वळसंग येईपर्यंत तो एकच वाक्य बोलला. "ती भावाकडं काय खात असंल?"

घरी बजाबाई जात्यापाशी डाळ भरडत होत्या. अमृतनं त्यांना रिपोर्ट समजावून सांगितला. कवाडाचं उदाहरण त्यानं तिथंच वापरलं, चोरून. म्हातारीनं हातातला खुंटा सोडला.

"ह्ये मला म्हाईत न्हाय व्हय?" ती म्हणाली. "बोकड खच्ची केला तर महिना-दीड महिना शेळ्यांत सोडतूय का आपुन? येगळा बांदतूय. माज्या सासऱ्यापासनं बांदतूय."

"मग आई, बोलला का नाही?" अमृतनं विचारलं.

"मला वाटलं, मानसाचं येगळं असंल. सायेब माईकवर सांगतुया, सरपंच टाळ्या वाजिवतुया. मी अडानी बाई बोकडाचं कशाला सांगू?" मग ती लेकाकडं वळली. "आन तू रं? हातानं खच्ची करतूस दर साली. तुला बी न्हाय सुचलं?"

"मला बी वाटलं, मानसाचं येगळं असंल," बिरप्पा म्हणाला.

"लई शाना. बायकोला घालवून बसला वाड्यात."

दुसऱ्या दिवशी बजाबाई स्वतः हद्दीपलीकडं गेली, एकटी, दोन एसटी बदलून. संध्याकाळी परत आली ती एकटीच. धनलक्ष्मीनं निरोप दिला होता, आणि म्हातारीनं तो उपकेंद्राच्या दारात उभं राहून, एक अक्षर न गाळता सांगितला.

"ती म्हनती, अत्ती, तुमचं-माजं काय न्हाय, मी येते. पर आदी त्या सायबाला बोलायला लावा. कुनाच्या कानात न्हाय. माईकवर. गावानं तसंच ऐकलंया."

अमृत कुंडलिकरावांकडं माईक मागायला गेला. सरपंचांना कल्पना पसंत पडली नाही.

"लेखी देऊ की," ते म्हणाले. "फलकावर लावू. कोन वाचतंय?"

"म्हणूनच नको."

"आवो, तुमच्यासंगं माजी बी लाज जाती. टाळ्या पयल्या म्या वाजिवल्या."

शेवटी अमावास्या ठरली. त्या दिवशी बिरोबाच्या देवळापुढं आख्खं गाव येतं, कुणाला बोलवावं लागत नाही. आरती झाली. धनलक्ष्मी दुपारच्या गाडीनं आली होती. ती बायकांत बसली नाही. पोराला कडेवर घेऊन ती कडुनिंबाला टेकून उभी राहिली, आणि तिच्या भोवती हातभर जागा आपोआप मोकळी राहिली होती.

अमृतनं माईक हातात घेतला. बिरप्पानं आधीच सांगितलं होतं, माझं नाव घ्या, नाहीतर कुणाचं चाललंय ते कुणाला कळायचं नाही.

"सव्वीस जानेवारीला मी याच माईकवर खोटं बोललो," तो म्हणाला. या वेळी मंडळी म्हणायचं राहून गेलं. "शस्त्रक्रिया झाली की त्या दिवसापासून खात्री नसते. तीन महिने लागतात. तपासणीत काही नाही असं निघालं, तरच खात्री. मी बिरप्पांना उलटं सांगितलं, आणि त्यांनी पाकिटं परत आणून दिली तेव्हा मोजून ठेवून घेतली. तपासणी झाली आहे. त्यांच्यात अजून आहेत. वहिनींना दिवस गेले ते माझ्या चुकीनं... म्हणजे, माझ्या सांगण्यात चूक झाल्यानं."

कुणीतरी फिसकन हसलं. अमृतचे कान लाल झाले, पण तो थांबला नाही.

"आणि शंभर टक्के कुठलाच उपाय नसतो. तीन महिन्यांनंतर, तपासणीनंतरसुद्धा हजारात एखाददुसरा चुकतो. बाकीचे उपाय त्याहून जास्त चुकतात, आणि लोक गोळी विसरतात, पाकीट संपतं, त्यामुळं आणखी चुकतात. दरवेळी चूक बाईचीच निघते, हे मात्र शंभर टक्के होतं."

एवढं तो ठरवून आला नव्हता. मागून तात्याबाचा आवाज आला.

"सायेब, म्हंजी मंग सांभाळून घेनारे वीस, त्ये तरी बरूबर हाय का?"

"शंभरात वीस, तात्याबा. बरोबर आहे."

"मला सहा पोरं. मी त्या विसातला," तात्याबा म्हणाला, आणि मग गाव हसलं. हसण्याचा फायदा घेऊन दोन बायका सरकत कडुनिंबापाशी गेल्या. एकीनं धनलक्ष्मीच्या कडेवरचं पोर मागितलं. धनलक्ष्मीनं ते लगेच दिलं नाही. थोड्या वेळानं दिलं.

त्या रात्री बिरप्पा वाकळ घेऊन घरात निजायला आला. बजाबाईनं त्याला दारात थांबवून आधी पाय धुवायला लावले, एवढंच बाहेर समजलं.

धनलक्ष्मीनं पुढं काय ठरवलं, हे ती आणि दिपाली जाणतात. दोघी एका सकाळी डॉक्टरांकडं गेल्या होत्या. डॉक्टरांनी तिला विचारलं, नवऱ्याला विचारलं नाही, हे तिला आवडलं असं दिपाली म्हणते. गावातल्या एकदोघांनी अमृतकडं चौकशी केली. अमृत म्हणाला, मला माहीत नाही. त्याला माहीत होतं.

तालुक्याहून त्याला खुलासा मागणारं पत्र आलं. त्यानं पहिला मसुदा दीड पान लिहिला, मग फाडला आणि 'सूचना देण्यात माझ्याकडून चूक झाली' एवढं लिहून पाठवलं. जूनमध्ये नूतनीकरण झालं, अकरा महिन्यांऐवजी सहा महिन्यांचं. एप्रिलच्या शेवटी बिरप्पाची तपासणी झाली, मेमध्ये पुन्हा झाली. दोन्ही वेळा त्यानं स्वतः सूक्ष्मदर्शकात पाहायचा हट्ट धरला. "माळ रिकामा," तो म्हणाला. चन्नवीरनंही तेच लिहिलं, डॉक्टरी भाषेत. दाखला आला, तो बजाबाईनं पेटीत ठेवला. भिंतीवर काही लावू नका, असं तिचं म्हणणं पडलं.

एक राहिलं आहे. अमावास्येनंतर आठ दिवसांनी अमृत गोवराच्या लसीच्या यादीसाठी त्या बाजूला गेला होता. धनलक्ष्मी अंगणात कोकरांना पाला घालत होती.

"सायेब," ती म्हणाली, "तुमी गावाची माफी मागितली, व्हय की न्हाय?"

"व्हय. म्हणजे हो, वहिनी."

"माजी ऱ्हायली."

अमृतनं यादी काखेत धरली. शब्द जुळवले. "वहिनी, मी..."

"आत्ता नगं. कामात हाय."

त्याला चार महिने झाले. तो पुन्हा गेला तेव्हा ती दळण घेऊन निघाली होती. त्यानंतर गेला तेव्हा पाहुणे होते. एकदा ती घरीच होती, हात रिकामे होते, आणि अमृतनं तोंड उघडलं तेवढ्यात तिनं थोरलीला हाक मारून शेरडं सोडायला सांगितलं आणि स्वतःही तिच्यामागं गेली. परवा त्यानं सरळ विचारलं, "वहिनी, कधी येऊ?"

ती शेळीची धार काढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"येत ऱ्हावा," ती म्हणाली.